सिल्व्हराडो पिकअपमधील इव्हॅप यंत्रणेचा बिघाड घरी कसा शोधावा

गाडी नेहमीसारखी चालते आहे, ओढ कमी झालेली नाही, इंजिनाचा आवाजही बदललेला नाही, आणि तरीही ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला आहे, अशा वेळी स्कॅनर लावला की पुष्कळदा पी०४४२, पी०४४६, पी०४५५ किंवा पी०४९६ यांपैकी एखादा कोड दिसतो. हे सगळे कोड पेट्रोलची वाफ अडवून ठेवणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे इव्हॅपचे आहेत. अमेरिकेत जुना पिकअप बाळगणाऱ्या मराठी माणसांना हा दिवा चांगलाच परिचयाचा असतो. महाराष्ट्रातील रस्त्यांवरचे बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेलची वाफ फारच कमी होत असल्यामुळे त्यांच्यात ही यंत्रणा नसते. त्यामुळे तिकडे गाड्यांची बरीच कामे स्वतः केलेल्या माणसालाही ती नवीन वाटते.

या लेखात १९९९ ते २००६ या काळातील, ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाची शेव्हरले सिल्व्हराडो १५०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. इतर पेट्रोल पिकअपमध्ये सुट्या भागांच्या जागा बदलतात, तपासणीचा क्रम मात्र बदलत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. कोड कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. गाडीच्या संगणकाने घेतलेली कोणती चाचणी फसली, एवढेच तो सांगतो. पी०४४२ चा अर्थ ‘कुठेतरी लहान गळती आहे’ इतकाच होतो, आणि ती झाकणाच्या रबरापासून टाकीच्या माथ्यावरील नळीपर्यंत कुठेही असू शकते. कोड वाचून थेट सुटे भाग मागवणाऱ्यांचे पैसे याच ठिकाणी वाया जातात.

यंत्रणा कशी चालते

टाकीतील पेट्रोलची वाफ उघड्यावर सुटू नये म्हणून ती एका नळीने सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये नेली जाते आणि कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन नीट चालू लागले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. मग इन्टेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातील, निर्वात ओढीमुळे कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडाने, व्हेंट व्हॉल्व्हमधून, बाहेरची हवा आत येते, कोळशात अडकलेली वाफ सोबत घेते आणि इंजिनात जाऊन जळते. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो. हे एवढे वाक्य पाठ असले तरी निम्मी तपासणी आपोआप सुचते.

गळतीची चाचणी घेताना संगणक व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत थोडा निर्वात दाब निर्माण करतो, मग पर्जही बंद करतो आणि टाकीवरील दाबाचा सेन्सर पाहत बसतो. दाब टिकला तर यंत्रणा घट्ट आहे, भराभर चढला तर कुठून तरी हवा आत येते आहे. सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळती पी०४४२ मध्ये मोडते, सुमारे अर्ध्या मिलिमीटरची पी०४५६ मध्ये, आणि दाब मुळात तयारच झाला नाही तर पी०४५५ नोंदवला जातो. इतक्या बारीक छिद्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु पेट्रोलची वाफ आणि धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि ही वाफ गाडी उभी असतानाही दिवसरात्र सुटत राहते. कॅलिफोर्नियाने १९७० पासून आणि अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९७१ पासून ही यंत्रणा नव्या मोटारींना सक्तीची केली, ती याच कारणासाठी. म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकणे, नळीला बूच मारणे किंवा संगणकाला फसवण्यासाठी रोधक जोडणे, हे उपाय कायद्याने निषिद्ध आहेतच, शिवाय आपल्याच अंगणातील हवेवर अन्याय करणारे आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. अमेरिकेत अनेक घरांच्या गॅरेजमध्येच गॅसवरचा वॉटर हीटर असतो आणि जुन्या हीटरमध्ये लहान ज्योत सतत तेवत असते. म्हणून हे काम गॅरेजबाहेर, मोकळ्या जागेत आणि इंजिन पूर्ण थंड असताना करावे. पेट्रोलच्या आगीवर चालणारे अग्निशामक हाताशी ठेवावे. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये, चासीखाली जॅक स्टँड लावून आणि चाकांना अडण घालूनच जावे.

कॉम्प्रेसरची हवा या यंत्रणेत कधीही सोडू नये. कॉम्प्रेसरचा दाब टाकी फुगवू शकतो, सेन्सर निकामी करू शकतो, आणि वाफेत भरपूर हवा मिसळून स्फोटक मिश्रण तयार होते. ही यंत्रणा एक पीएसआयच्याही खालच्या दाबासाठी बनवलेली आहे.

झाकण आणि तोंडाची नळी

पहिली पाळी झाकणाची. रबरी गोल कडा बोटाने दाबून पाहावी. ती कडक झाली असेल, तिच्यावर भेगा असतील किंवा एका बाजूला चपटी खूण कायमची उमटली असेल तर झाकण बदलावे, आणि शक्यतो मूळ कंपनीचेच घ्यावे, कारण स्वस्त झाकणांची रबरी कडा सर्वच नळ्यांवर नीट बसत नाही. झाकण ज्या काठावर टेकते तो काठही तितकाच महत्त्वाचा असतो. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेथील गाड्यांत हा काठ गंजून खवखवीत होतो आणि मग नवे झाकणही गळते. गंज वरवरचा असेल तर बारीक सँडपेपरने हाताने घासून तो साफ करता येतो, मात्र घासताना नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, म्हणजे भुकटी टाकीत जाणार नाही. गंजाने खड्डे पडले असतील तर नळी बदलण्यावाचून इलाज नाही.

पर्ज व्हॉल्व्ह

या सिल्व्हराडोत पर्ज व्हॉल्व्ह बॉनेट उघडताच इन्टेक मॅनिफोल्डवर दिसतो, आणि तो तपासायला पाचेक मिनिटे पुरतात. इंजिन सुरू करून त्याचा विजेचा कनेक्टर काढावा आणि कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून सोडवून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. वीज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असलाच पाहिजे आणि बोटाला ओढ अजिबात जाणवता कामा नये. ओढ लागली तर व्हॉल्व्ह आतून उघडा राहतो आहे, आणि पी०४९६ हा कोड बहुधा याच दोषाने येतो. कनेक्टर काढल्यामुळे एखादा नवा कोड नोंदवला जाईल, तो नंतर पुसावा. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होताना अडखळते, दोनदा किल्ली फिरवावी लागते, हे या दोषाचे ओळखीचे लक्षण आहे, कारण भरताना उठलेली वाफ थेट इंजिनात शिरते आणि मिश्रण नको इतके घट्ट होते.

व्हॉल्व्ह बदलणे सोपे आहे, परंतु जुना काढल्यावर तो पांढऱ्या कागदावर हलकेच आपटून पाहावा. त्यातून काळे, साखरेच्या दाण्याएवढे कण पडले तर ते कॅनिस्टरमधील कोळशाचे आहेत. म्हणजे कॅनिस्टर आतून फुटला आहे, आणि तो तसाच ठेवून नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नव्या व्हॉल्व्हच्या बैठकीतही तेच कण अडकतील. अशा वेळी कॅनिस्टर बदलावा आणि मधली नळी साफ करूनच नवा व्हॉल्व्ह बसवावा. कॅनिस्टर खराब होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पंपाची बंदूक आपोआप बंद झाल्यावरही आकडा पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल कोंबणे. त्या जादा पेट्रोलमुळे वाफेच्या नळीतून द्रवरूप पेट्रोलच कोळशावर जाते. ही सवय आजच सोडावी.

व्हेंट व्हॉल्व्ह

या पिढीच्या सिल्व्हराडोत सर्वाधिक संशय इथेच घ्यावा. व्हेंट व्हॉल्व्ह गाडीच्या पोटाखाली, टाकी आणि कॅनिस्टरच्या परिसरात चासीजवळ असतो. पर्ज सुरू असताना बाहेरची हवा त्याच्यातूनच आत ओढली जाते, त्यामुळे कच्च्या रस्त्यावरची धूळ, चिखल आणि मीठ त्याच्या बैठकीवर साचत जाते. मग तो नीट बंद होत नाही आणि गळतीचा कोड येतो, किंवा नीट उघडत नाही आणि पी०४४६ येतो. वाट तुंबल्याचे आणखी एक लक्षण पेट्रोल पंपावर कळते. टाकी रिकामी असूनही बंदूक दर दोन-चार सेकंदांनी खट् करून बंद होते, कारण टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेला जायला वाटच नसते.

व्हॉल्व्ह काढून हातात घ्यावा आणि त्याला जोडलेल्या स्वच्छ रबरी नळीच्या तुकड्यातून हलकेच फुंकावे. वीज नसताना हवा मोकळी गेली पाहिजे. मग बॅटरीचे १२ व्होल्ट दिल्यावर टक् असा आवाज होऊन हवा पूर्ण थांबली पाहिजे. हे व्होल्ट देताना व्हॉल्व्ह टाकीपासून लांब, बाकावर ठेवलेला असावा, कारण वायर टेकवताना ठिणगी पडते. व्हॉल्व्ह बरा निघाला आणि कोड पी०४४९, म्हणजे या व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीचा, असेल तर दोष वायरिंगचा असण्याची शक्यता अधिक. कनेक्टरच्या पिना हिरवट झाल्या आहेत का ते पाहावे, आणि चावी चालू करून एका पिनेवर १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने मोजावे. संगणक या व्हॉल्व्हला अर्थिंग पुरवून चालवतो, त्यामुळे व्होल्टच येत नसतील तर आधी फ्यूज तपासावा. व्हॉल्व्ह बदलायचाच असेल तर धूळ अडवणारी गाळणी सोबत असलेला सुधारित संच मिळतो, तोच घ्यावा. जुन्या रचनेचा नुसता व्हॉल्व्ह पुन्हा त्याच धुळीने भरेल.

गळती उरलीच तर

झाकण आणि दोन्ही व्हॉल्व्ह ठीक निघाल्यावरच नळ्यांकडे वळावे. व्हॉल्व्हना आज्ञा देऊ शकणारा स्कॅनर मिळाला तर संगणकाचीच चाचणी आपण घेऊ शकतो. इंजिन आयडलवर ठेवून व्हेंट बंद करावा, पर्ज थोडा उघडावा, आणि टाकीचा दाब पाण्याच्या ८ ते १० इंचांइतका (स्कॅनर हा दाब याच मापात दाखवतो) खाली गेला की पर्ज लगेच बंद करावा. त्यापुढे ओढू नये. दाब खाली गेलाच नाही तर मोठी गळती आहे किंवा पर्जची वाट तुंबली आहे. खाली जाऊन हळूहळू वर आला तर लहान गळती आहे. तत्पूर्वी झाकण उघडून सेन्सर शून्याच्या जवळ दाखवतो का, हे एकदा पाहून घ्यावे, कारण सेन्सरच खोटे बोलत असेल तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते.

गळतीची नेमकी जागा धुराने सापडते. इव्हॅपसाठीच बनवलेले, कमी दाबाचे धूरयंत्र भाड्याने मिळत असेल तर घ्यावे. डब्यात तेल तापवून घरी बनवलेले यंत्र मी कोणालाच सुचवणार नाही, कारण तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ एकाच नळीने जोडणे हा धोका कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे. धूर सोडण्यासाठी बॉनेटखाली हिरव्या टोपणाचे तोंड असते. त्यातील श्रेडर व्हॉल्व्हचे, म्हणजे टायरमध्ये असतो तशा छोट्या व्हॉल्व्हचे, आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. नेहमीच्या सवयीने उलट दिशेला जोर लावला तर तो तुटतो. धूर सोडताना इंजिन बंद आणि व्हेंट बंद असावा, आणि बॅटरीवरचा हातदिवा घेऊन नळ्यांचे सांधे, कोपरे आणि चासीला घासणाऱ्या जागा पाहाव्यात. हिवाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेली नळीही पुष्कळदा सापडते.

धूर टाकीच्या माथ्यावरून येत असेल तर पिकअप असण्याचा फायदा घ्यावा. भरलेली टाकी खाली उतरवण्यापेक्षा मागचा हौदा उचलणे अनेकदा सोपे पडते. फिलर नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचा कनेक्टर आणि अर्थिंगची वायर सोडवून हौद्याचे बोल्ट काढले की चार जण तो उचलून बाजूला ठेवू शकतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे भेदक तेल मारून ठेवावे. हौदा उचलायला धजत नसेल त्याने इथे थांबून गाडी मेकॅनिककडे न्यावी, धुराचे ठिकाण सांगितले तरी त्याचे निम्मे काम झालेले असते.

दुरुस्तीनंतर कोड पुसले की इव्हॅपची स्वयंचाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि ती लगेच होत नाही. टाकीत साधारण १५ ते ८५ टक्के पेट्रोल असावे लागते, गाडी रात्रभर थंड झालेली असावी लागते, आणि कडाक्याच्या थंडीत किंवा तापलेल्या दुपारी संगणक ती घेतच नाही. म्हणून टाकी अर्धी ठेवून सकाळी गाडी सुरू करावी, थोडा वेळ आयडलवर ठेवून शहरात आणि हायवेवर मिळून नेहमीसारखी चालवावी, आणि हा क्रम काही दिवस करावा. स्कॅनरवर इव्हॅपचा मॉनिटर, म्हणजे या स्वयंचाचणीची नोंद, ‘पूर्ण’ दिसला आणि नवा कोड आला नाही, तरच दुरुस्ती झाली असे मानावे. स्मॉग तपासणीच्या, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाच्या सरकारी तपासणीच्या, आदल्या दिवशी कोड पुसून काही साधत नाही, कारण तेव्हा इतर मॉनिटरही अपूर्ण दिसतात. कॅलिफोर्नियात २००० व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना एकट्या इव्हॅपचा मॉनिटर अपूर्ण असला तरी चालते, दिवा मात्र विझलेलाच असावा लागतो.