संकटकाळचा निधी कसा उभारावा आणि कुठे ठेवावा

नोकरीची शाश्वती उरत नाही, धंदा मंदावतो, बाजार घसरतो, अशा वेळी "आता कशात गुंतवू?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मार्च 2020मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक 7,600च्या आसपास उतरला होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने आधीचा उच्चांक ओलांडला. मधल्या काळात घरखर्चासाठी ज्यांना म्युच्युअल फंडाची युनिट्स विकावी लागली, तोटा त्यांच्या पदरी कायमचा पडला. म्हणून सुरुवात संकटकाळच्या निधीपासूनच करावी.

प्रथम घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, वीज, शाळेची फी, औषधे आणि विम्याचे हप्ते यांची मासिक बेरीज करून तिला सहाने गुणावे. घर एकाच्याच कमाईवर चालत असेल, तर बाराने. क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्यास ती आधी फेडावी. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, त्यामुळे स्वतःची वेगळी पॉलिसी असावी.

हा पैसा ठेवायचा कुठे, हे ठरवताना माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि सर्वांत वाईट सल्लेही याच बाबतीत मिळाले. "आपल्या ओळखीची पतसंस्था आहे, बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देते" हा त्यांतलाच एक. पतसंस्थेतील ठेवींना डीआयसीजीसीचे, म्हणजे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. संचालक मंडळ कितीही सज्जन असो, अडीअडचणीचा पैसा तेथे ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. नागरी सहकारी बँकांतील ठेवींना हे संरक्षण असते, पण त्याला मर्यादा आहे: फेब्रुवारी 2020पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे 5 लाख रुपये.

या मर्यादेचा अर्थ बहुतेक जण अर्धवट लावतात. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी असल्या, तरी त्या एकत्र मोजल्या जातात. शिवाय 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. साडेचार लाखांची संचयी ठेव (जिचे व्याज मुदत संपल्यावर मुदलासह मिळते) 7 टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवली, तर दीड वर्षात ती 4 लाख 99 हजारांवर आणि दोन वर्षांत सुमारे 5 लाख 17 हजारांवर जाते, म्हणजे वरचे 17 हजार विम्याबाहेर राहतात. त्यामुळे एका बँकेत 4 लाखांच्या आत थांबावे आणि उरलेली रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवावी. संयुक्त खात्याची मोजणी वैयक्तिक खात्यापासून वेगळी होते. इतकेच नव्हे, तर पती-पत्नीच्या दोन संयुक्त खात्यांत नावांचा क्रम उलट असेल, तर त्यांनाही स्वतंत्र संरक्षण मिळते.

तरीही विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सप्टेंबर 2019मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना अवघे 1,000 रुपये काढता येत होते. 2021च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम साधारणपणे 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली, पण तेवढे दिवस किराणा उधारीवर आणावा लागतोच. म्हणून निधी कधीही एकाच बँकेत ठेवू नये, आणि किमान दोन महिन्यांचा खर्च पगार जमा होतो त्या बँकेखेरीज अन्य बँकेच्या बचत खात्यात असावा.

उरलेल्या रकमेची एकच मोठी पावती करू नये. तिच्या चार ठेवी कराव्यात आणि त्यांची मुदत दर तीन महिन्यांनी एक संपेल अशी लावावी. गरज पडलीच, तर एकच ठेव मोडावी लागते आणि मुदतपूर्व दंडही तेवढ्याच रकमेवर बसतो. पावती घेताना "मुदतीपूर्वी मोडता येणार नाही" असा प्रकार तर नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण जास्त दराच्या काही ठेवींना ही अट असते आणि काउंटरवर ती कोणी आपणहून सांगत नाही. पाच वर्षांची करबचत ठेव या कामाची नाही.

प्रत्येक खात्याला वारसाचे नाव लावावे.

निधी पूर्ण झाला की चालू एसआयपी, म्हणजे फंडातील दरमहाची ठरावीक गुंतवणूक, तशाच राहू द्याव्यात आणि बाजार पडला म्हणून एकही बंद करू नये. निधीतून पैसे काढावे लागले, तर ते भरून निघेपर्यंत नवी गुंतवणूक थांबवावी.