एका गाण्याचं शेपूट धरून इंडीपर्यंत कसं पोचायचं

परवा भाचा म्हणाला, मामा तू सारखं इंडी इंडी करतोस ते म्हणजे नक्की काय, गिटार घेऊन रडतात तेच ना? मला राग आला, मग हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीच त्याला चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवली होती आणि पठ्ठ्याने तीन ऐकून सोडून दिली होती. चूक त्याची नाही, माझीच. चाळीस अनोळखी गाणी एकदम पाठवणं म्हणजे लग्नात नव्या सुनेला चाळीस नातेवाइकांच्या पाया पडायला लावणं, एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही.

तर ज्यांना फिल्मी आणि हिट गाण्यांच्या पलीकडे, म्हणजे इंडीकडे (इंडिपेंडंट, करणाऱ्याने स्वतःच्या मनाने केलेलं संगीत) जायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी पद्धत एकच आहे, तुम्हाला आधीच आवडणारं एक गाणं घ्यायचं आणि ते कोणी कोणी मिळून केलंय ते शोधत मागे मागे जायचं. अॅपला विचारायचं नाही. अॅप तुम्हाला त्याच गाण्यासारखी अजून पन्नास गाणी देतं, तुम्ही गोल गोल फिरत राहता आणि वाटतं की आपण खूप नवीन ऐकलं.

करून दाखवतो. ‘मसान’मधलं ‘तू किसी रेल सी’ घ्या, 2015 चा पिक्चर. रील्समध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, ट्रेकला रात्री शेकोटीपाशी, कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. आता स्पॉटिफायवर त्या गाण्यापुढची तीन टिंबं दाबा, तिथे क्रेडिट्स बघायची सोय असते (कधी कधी अर्धवट असतात, मग यूट्यूबवर कंपनीच्या ऑफिशियल व्हिडिओखाली बघा, तिथे बहुतेक सगळी नावं सापडतात). पूर्वी हे काम कॅसेटच्या आतला तो घडीचा कागद करायचा, मी तो इतक्या वेळा उघडबंद करायचो की घडीवर फाटायचा आणि मग सेलोटेप.

तर तिथे काय दिसतं? गायक स्वानंद किरकिरे, गीतकार वरुण ग्रोवर, संगीत इंडियन ओशन. म्हणजे एका गाण्यातून तीन वाटा फुटल्या. किरकिरे आपलेच, इंदूरचे मराठी, 2018 च्या ‘चुंबक’ या मराठी पिक्चरमध्ये त्यांनी कामही केलंय आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, तिकडे गेलात तर पिक्चर बघून परत या. ग्रोवरच्या वाटेने गेलात तर कळतं की ‘तू किसी रेल सी’ हे मूळ दुष्यंत कुमारच्या शेरातून आलंय, आणि हाच माणूस ‘ऐसी तैसी डेमोक्रसी’ नावाचा स्टेज शो करायचा, ज्यात गाणी म्हणायला राहुल राम असायचा. आणि राहुल राम कोण, तर इंडियन ओशनचा बास गिटार वाजवणारा. दोन वाटा एकाच दारात आल्या. असं झालं की समजायचं आपण बरोबर चाललोय.

आता दार उघडा. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड, 1990 पासूनचा. त्यांचा 2000 साली आलेला ‘कंदिसा’ हा अल्बम अख्खा ऐका, एक गाणं नाही, अख्खा, आणि लावलेल्या क्रमानेच, शफल बंद करून. शफल बंद करणं ही मी सांगू शकतो त्यातली सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. अल्बममध्ये पहिल्यानंतर दुसरं गाणं काय ठेवायचं यावर लोकांनी भांडणं केलेली असतात आणि आपण एका बटणाने ती मिसळ करून टाकतो.

‘कंदिसा’ हे गाणं मूळ एक स्तोत्र आहे, केरळातल्या सिरियन ख्रिश्चन लोकांकडचं, भाषा सिरियाक. शब्द एकही कळणार नाही, माझंही तेच झालं. पण शब्द कळत नाहीत म्हणून तर ते पहिलं गाणं म्हणून भारी आहे, कारण मग तुम्हाला वाद्यांकडेच बघावं लागतं. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास पकडा, बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करून, खालून जो जाड आवाज चालतोय ना तो. तिसऱ्यांदा असीम चक्रवर्तीचा हात ऐका, हा माणूस मांडी घालून बसून तबला आणि बाकीचं वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा (2009 मध्ये गेला तो, त्यानंतरचा बँड वेगळा वाटतो, वाईट नाही, वेगळा). चौथ्यांदा सुश्मित सेनची गिटार, जी मला तरी गिटारपेक्षा सतारीच्या घरातली वाटते. इतकं झालं की ते गाणं तुमच्या मालकीचं झालं, मग ते कुठेही वाजू द्या, मान वर होणारच.

इथे एक महत्त्वाचं, हे सगळं मोबाईलच्या स्पीकरवर करू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत, तुम्ही बास शोधत बसाल आणि म्हणाल हा काय फेकतोय. महागडं काही लागत नाही, साधे वायरवाले इयरफोन चालतात, फक्त ते कानात नीट बसायला हवेत, सैल बसले की बास पहिला पळतो. माझ्याकडे अजून एक जोडी आहे तिची वायर दोन ठिकाणी काळ्या टेपने गुंडाळलेली आहे, बायको म्हणते टाक ते.

आता त्याच अल्बममध्ये ‘मा रेवा’ आहे, रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, खोऱ्यात राहिलेला आहे, आणि हे गाणं तिथूनच आलंय. नंदुरबारकडच्या वाचकांना मी नर्मदा समजावून सांगायची गरज नाही. शिवाय ‘हिल्ले ले’ आहे, ते गोरख पांडेच्या भोजपुरी कवितेवरचं. म्हणजे एका अल्बमातून केरळ, नर्मदा खोरं, भोजपुरी, असं सगळं फिरून होतं, आणि प्रत्येक ठिकाणाहून पुढे जाता येतं. परत पिक्चरकडे जायचं असेल तर ‘ब्लॅक फ्रायडे’ या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या पिक्चरचं संगीत पण यांचंच, त्यातलं ‘बंदे’ ऐका, शब्द पीयूष मिश्राचे. झालं, अजून एक दार.

आता कोणीतरी म्हणणारच की ‘कंदिसा’ तर टाइम्स म्युझिक या मोठ्या कंपनीने काढला होता मग हे इंडी कसं. बरोबर आहे. माझं मत सांगतो, इंडी म्हणजे गरीब किंवा कोणाला माहीत नसलेलं असं नव्हे, इंडी म्हणजे गाणं कसं असावं हे करणाऱ्याने ठरवलं, पिक्चरच्या सिच्युएशनने किंवा कंपनीच्या साहेबाने नाही. हेच लोक पुढे 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ या अल्बमची गाणी नेटवर फुकट देत होते, महिन्याला एक. नाव म्हणजे त्यांच्या दिल्लीतल्या सरावाच्या जुन्या घराचा पत्ता. आणि नव्वदीतलं इंडीपॉप हे इंडी नव्हे बरं का, अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ 1995 चं, त्यामागे कंपनी, टीव्ही, व्हिडिओचं बजेट सगळं होतं. आवडायचं मला, अजून आवडतं, लकी अलीचा ‘सुनो’ तर मी आजही लावतो. पण ते वेगळं दुकान.

आणि प्लीज, इंडी ऐकायला लागलात म्हणून ‘झिंगाट’वर नाक मुरडू नका. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुलने लॉस एंजेलिसला जाऊन खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, ती व्हायोलिनं इयरफोन लावून एकदा नीट ऐका. वरातीत वाजतं ते सगळं हलकं असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

मराठीतून सुरुवात करायची तर 2024 चं ‘तांबडी चामडी’ घ्या, सगळ्यांना पाठ आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं. क्रेटेक्सकडून गेलात तर मराठी हाऊस म्युझिक (क्लबमध्ये नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत), श्रेयसकडून गेलात तर मराठी रॅप, आणि तिथून मुंबईच्या स्वदेसी या हिप-हॉप ग्रुपपर्यंत पोचा, त्यांचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 2019 चं ‘वारली रिव्होल्ट’ ऐका, आरेच्या जंगलाबद्दल आहे, तिथलेच वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः त्यात गातात. वऱ्हाडी कानाला गोड लागत असेल तर अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी पोरांना हे पाठवा, मस्त रिअॅक्शन येतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. स्पॉटिफायवर 30 सेकंदांच्या आत गाणं पुढे ढकललं तर ते ऐकलं असं धरतच नाहीत, आणि 2024 पासून ज्या गाण्याला बारा महिन्यांत 1000 वेळासुद्धा कोणी ऐकलेलं नाही त्याला तिथून पैसेच मिळत नाहीत. म्हणजे छोट्या बँडचं गाणं लावलंत तर निदान अर्धा मिनिट तरी धीर धरा. बँडकॅम्पवर (बँडकडून थेट गाणी विकत घ्यायची वेबसाइट) असतील तर तिथून घ्या, ते डिजिटल विक्रीतले 15 टक्के ठेवतात, कार्डाचा वगैरे खर्च जाऊन उरलेले बँडला, आणि 2020 पासून ठरावीक शुक्रवारी स्वतःचे 15 टक्केही सोडतात. यापलीकडचा हिशोब करत बसू नका.

त्यापेक्षा गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला जा. पूर्वी मुंबईत धोबी तलावाचं रंगभवन होतं, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल तिथे व्हायचं, मग तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम संपले. पुण्यात 2010 ला एनएच7 वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल सुरू झालं आणि एक अख्खी पिढी त्या मैदानांच्या चिखलात बूट घालवून शिकली. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या फेस्टिव्हलला जाऊ नये असं मला वाटतं, शंभर-दीडशे माणसांची जागा बघा. तिकिटावर आठ लिहिलेलं असलं तरी सुरू व्हायला साडेनऊ वाजतात, एकदा मी एका ठिकाणी (नाव नको) पावणेअकरापर्यंत उभा होतो आणि शेवटची लोकल धरायची म्हणून मेन बँडची दोन गाणी ऐकून निघालो, तेव्हा परतीची सोय आधी बघून ठेवा. तरीसुद्धा लवकरच पोचा, कारण आधी वाजवणारा तो अनोळखी बँड हीच तुमची पुढची वाट असते.

उभं कुठे राहायचं? स्टेजला चिकटून नाही. साउंडवाल्याचं टेबल असतं ना मागे मधोमध, त्याच्या जरा पुढे. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं ते सेट करत असतो, तेव्हा सगळ्यात नीट आवाज तिथेच येतो. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, घेऊन जा, लाजू नका, दुसऱ्या दिवशी कान वाजत नाहीत. मधेच हिंदी पिक्चरच्या गाण्याची फर्माईश ओरडायची नाही, तो ऑर्केस्ट्रा नाहीये.

आणि शेवटी बाहेर पडताना कोपऱ्यात टेबल टाकून टी-शर्ट विकत असतील तर एक घ्या, त्या टेबलामागे बरेचदा ड्रमरच उभा असतो, त्याला त्याने हे कोणाचं ऐकून सुरू केलं ते विचारा आणि तो जी नावं घेईल ती फोनमध्ये लिहून घ्या. रोख पैसे ठेवा जवळ, गर्दीत नेटवर्क गेलं की क्यूआर नुसता गोल फिरत बसतो, आणि एल साइज सगळ्यात आधी संपतो.