‘गुस्तार’ शिकवताना मराठीचा आधार घ्यावा
मराठीभाषक विद्यार्थ्यांना स्पॅनिशमधील ‘गुस्तार’ (आवडणे) हे क्रियापद इंग्रजीमार्गे शिकवू नये. कारण ‘मे गुस्ता एल लिब्रो’ (मला पुस्तक आवडते) आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ (मला पुस्तके आवडतात) यांत क्रियापद आवडणाऱ्या व्यक्तीप्रमाणे नव्हे, तर आवडलेल्या वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते, आणि ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ असे रोज म्हणणाऱ्याला ही रचना मुळातच परिचित असते. नियम सांगण्यापूर्वी दोन्ही भाषांतील अशा जोड्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहून बदल विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावा. ‘आवडतो–आवडते’ हा लिंगभेद स्पॅनिश क्रियापदात नसतो, एवढे मात्र वेगळे सांगावे लागते. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही स्पॅनिश क्रियापदे शिकवताना हा आधार तुटतो, कारण आपल्याकडे दोहोंसाठी ‘असणे’ हे एकच क्रियापद आहे. तेथे स्वतंत्र सरावाला पर्याय नाही.