नाकामागच्या घशाचा कॅन्सर: मुलाचे दात, जबडा, कान सांभाळताना

नॅसोफॅरिन्जियल कार्सिनोमा, म्हणजे नाकामागच्या घशाचा कॅन्सर, मुलांमध्ये क्वचितच होतो आणि मानेत गाठ आल्यावरच बहुधा लक्षात येतो. तरीही केमो आणि रेडिएशनला तो चांगली दाद देतो. अमेरिकेत १११ मुलांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण सुमारे ८९ टक्के होतं. म्हणजे मुलाला पुढची कित्येक दशकं याच जबड्याने जेवायचंय, याच कानांनी ऐकायचंय. म्हणून काळजी उपचारांआधीच सुरू करा.

रेडिएशनपूर्वी दात तपासून घ्या. काढण्यासारखा दात असेल तर शक्यतो दोन आठवडे आधी काढावा, म्हणजे जखम भरते. रेडिएशननंतर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात उपटला तर जबड्याचं हाड मरू शकतं. दहा वर्षांनीसुद्धा दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचं आधी सांगा. लाळ आटल्याने दात झपाट्याने किडतात, त्यामुळे फ्लोराइड चुकवू नका.

गुळण्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा आणि तेवढंच मीठ घाला. पाणी रोज ताजं करा, दिवसातून सहा वेळा वापरा. झोंबलं तर मीठ वगळा. मऊ खिचडी, पेज, खीर द्या. तेही गिळवेना आणि वजन उतरू लागलं, तर नाकातल्या नळीला घाबरू नका. उपचारात खंड पडणं त्याहून घातक.

जबडा आखडतो तो हळूहळू, कळतही नाही. सुरुवातीलाच पुढच्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या किती काड्या एकावर एक मावतात ते लिहून ठेवा. दर आठवड्याला पुन्हा मोजा. एक-दोन काड्या कमी झाल्या तर लगेच सांगा.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. मूल ‘साठ’ला ‘आठ’ ऐकतं आणि आपण त्याला लक्ष नाही म्हणून रागावतो. प्रत्येक डोसआधी ऑडिओमेट्री (कानांची श्रवणचाचणी) मागा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, पण डॉक्टर पुढचा डोस विचारपूर्वक ठरवू शकतात.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

थायरॉइड कित्येक वर्षांनंतरही मंदावतं: टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दरवर्षी करा, उंची दर सहा महिन्यांनी मोजा. फाइलच्या पहिल्या पानावर रेडिएशनचे एकूण ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) आणि सिस्प्लॅटिनचा एकूण डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.