गव्हाचं ओलित: मोटर गरजेपुरती, पाणी वेळेवर

सोयाबीनची वावरं मोकळी झाली आहेत. नागपूर जिल्ह्यात ओलिताच्या गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. आपल्याकडे फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागतं आणि मागास गव्हाचा दाणा बारीक राहतो. डिझेल तेवढंच जळतं, मोटर तेवढीच चालते, पोती मात्र कमी भरतात. उशीर झालाच तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेएडब्ल्यू-४६२७ हे वाण घ्या, बियाणं हेक्टरी १२५ ते १५० किलो धरा.

सोयाबीननंतर खोल नांगरटीची गरज नसते, वखराच्या एक-दोन पाळ्या पुरतात. मौदा, रामटेककडच्या धानाच्या बांध्यांत वाफसा साधून शून्य मशागत यंत्राने थेट पेरता येतं. डिझेल वाचतं आणि त्याहून मोलाचे पेरणीचे दिवसही.

खरी गळती विहिरीवर असते. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिल येत नाही, मग वीज वाचवायची कशाला, असं बरेच जण विचारतात. पण लाइन मिळते ती ठरावीक तास, तीही अनेकदा रात्री. तेवढ्या वेळात धुऱ्यापर्यंत पाणी पोचलं नाही तर थंडीत पुन्हा जागरण आलंच. म्हणून पेरणीआधीच पंप नीट तपासून घ्या. मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी उतरून जातं आणि दर वेळी पंपात पाणी भरावं लागतं, तर फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) गळतोय किंवा त्यात कचरा अडकलाय. डिलिव्हरी पाइप हौदाच्या काठावर दोन-तीन फूट उंच नेऊन धार खाली पाडत असाल तर तो खाली आणा, तेवढं पाणी वर चढवायला लागणारी ताकद वाया जाते. अरुंद पाइप आणि नको तिथले एल्बोही पाण्याला अडवतात.

लाइनवरचा ताण कमी करणारा योग्य क्षमतेचा कपॅसिटर मोटरीला लावा आणि ऑटोस्विच काढा. लाइन येताच साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो. ऐन ओंबीच्या वेळी डीपी जळाली तर नुकसान सगळ्यांचंच.

पाणी कमी असेल तर पाळ्या मोजून द्या. एकच पाणी शक्य असेल तर ४० ते ४२ दिवसांनी. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. ओलितासाठी पाडलेले सारे, म्हणजे वावरातले पट्टे, लांबलचक ठेवू नका. भारी काळ्या जमिनीत शेवटच्या टोकाला पाणी जाईपर्यंत तोंडाशी डबकं साचतं, तिथला गहू पिवळा पडतो.

युरियाही ऊर्जाच आहे, तो तयार करायला नैसर्गिक वायू लागतो. हेक्टरी १२० किलो नत्रापैकी अर्धं पेरताना द्या. उरलेल्यासाठी तीन आठवड्यांनी एकरी साधारण ५३ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोची एक गोणी आणि वर आठ किलो. आधी निंदण करून घ्या, नाहीतर युरिया तणच खातं. शेजाऱ्याचा गहू जास्त हिरवा दिसतो म्हणून आणखी एक गोणी फेकू नका, त्याने गहू लोळतो.