प्रकाशाला मागे टाकणारा ठिपका पट्टीने मोजा

"प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही म्हणता ना? सर, मग आइन्स्टाईन चुकले का?" केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत दरवर्षी एखादं पोरगं हे विचारतंच. विषय असतो कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वासार, म्हणजे खूप दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र जोडली, तेव्हा १९७१ साली अशा क्वासारांमधले ठिपके प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने सरकताना दिसले. मी उत्तर फळ्यावर लिहीत नाही, कंपासपेटी काढायला लावतो. तुम्हीही काढा.

कोऱ्या कागदावर २०० मिलिमीटरची आडवी रेघ मारा. डावं टोक म्हणजे क्वासार. उजवीकडे, कागदाच्या खूप पलीकडे, आपण. २ मिलिमीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष. आता डाव्या टोकापासून ८ अंशांवर १९८ मिलिमीटरची दुसरी रेघ ओढा. प्रकाशाच्या ०.९९ पट वेगाने ठिपका शंभर वर्षांत इतका जातो. पेन्सिलीला टोक काढून घ्या. अर्ध्या मिलिमीटरनेही उत्तर बिघडतं. रेघेच्या टोकावरून गुण्या लावून खाली लंब टाका. लंब साधारण २७.५ मिलिमीटर भरेल, आणि त्याचा पाय आडव्या रेघेच्या उजव्या टोकाच्या फक्त ४ मिलिमीटर अलीकडे पडेल.

सगळं मर्म त्या ४ मिलिमीटरांत आहे. सुरुवातीला निघालेला प्रकाश शंभर वर्षांत उजव्या टोकाला पोचला, ठिपक्यापासून आता निघणारा नवा प्रकाश त्याच्या मागे जेमतेम दोन वर्षांवर. म्हणजे ठिपका दोन वर्षांत जवळपास १४ प्रकाशवर्षं आडवा सरकलेला दिसतो. सातपट!

पोरं इथे अडतात. मग मी आजोबांची गोष्ट सांगतो. ऊसतोडीचा हंगाम संपून साखर कारखान्याचा पट्टा पडला की ते पत्र टाकून त्याच दिवशी बैलगाडीने गावाकडे निघायचे. पत्र गाडीच्या जरासंच पुढे चालायचं. आज आजीच्या हातात पत्र, उद्या गाडी दारात. नुसत्या पत्रावरून हिशोब केला तर दहा दिवसांची वाट एका दिवसात सरली! पत्र म्हणजे आधी निघालेला प्रकाश, गाडी म्हणजे ठिपका. लेझरचा ठिपका भिंतीवर फिरवून हे समजावतात ते मला पटत नाही. इथे खरंखुरं द्रव्य धावतंय. असं दिसू शकेल हे खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९६६ सालीच मांडलं होतं.

खऱ्या चित्रांवर करायचं तर ३सी २७३ची वेगवेगळ्या वर्षांची दोन रेडिओ चित्रं घ्या. तिथे १ मिलीआर्कसेकंद (एका अंशाचा छत्तीस लाखावा भाग) म्हणजे सुमारे ९ प्रकाशवर्षं. सरकलेलं अंतर वर्षांनी भागा आणि विश्व प्रसरण पावतंय म्हणून १.१६ ने गुणा. वर्षाला १ मिलीआर्कसेकंद सरकणारा ठिपका दसपटीच्या आसपास येतो.

शेवटी कागदावर कोन बदला. ३० अंशांवर साडेतीनपट. ९० अंशांवर १९८ भागिले २००, म्हणजे ०.९९. जो खरा वेग होता, तोच.