लायराच्या मागे उत्तरेला जायचं असेल तर

फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ वाच म्हणून मी हॉस्टेलमधल्या जवळपास प्रत्येकीच्या मागे लागलेली असते. बऱ्याच जणी माझ्यासारख्याच दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. जाडजूड इंग्रजी कादंबरी बघून पहिल्याच प्रकरणात त्यांचा धीर सुटतो आणि नायिका लायराशी ओळख व्हायच्या आत पुस्तक परत येतं. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून ती कशी वाचायची ते सविस्तर लिहिते आहे.

प्रत घेताना एवढं बघा. ब्रिटनमध्ये ही कादंबरी १९९५ साली ‘नॉर्दर्न लाइट्स’ म्हणून आली, अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’ म्हणून. दोन्ही एकच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही दिसल्या तर एकच घ्या. २००७चा सिनेमा मात्र आधी बघू नका. तो कादंबरीच्या शेवटापर्यंत पोचतच नाही.

पहिलं प्रकरण शब्दकोश मिटून, एका बैठकीत वाचा. ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात वाढलेली एक मुलगी मनाई असलेल्या खोलीत शिरते, तिच्या काकांसाठी ठेवलेल्या वाइनमध्ये कॉलेजचे प्रमुख कसलीशी पूड मिसळताना बघते, आणि मग कपाटात लपते. एवढं समजलं की झालं. हे ऑक्सफर्ड आपल्या जगातलं नाही, त्यामुळे काही शब्द शब्दकोशात सापडणारच नाहीत. ‘ॲनबॅरिक’ दिवा लागला, उजेड पडला, पुढे चला. दुसऱ्या प्रकरणात काका पडद्यावर चित्रं दाखवतात तिथली चर्चा डोक्यावरून जाईल. जाऊ द्या, ती कपाटातल्या लायरालाही पूर्ण कळत नाही.

खरी मेहनत घ्यायची ती डीमनवर. या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो, तो म्हणजे डीमन. लहान मुलांचे डीमन रूपं बदलतात, वयात आल्यावर एकच रूप कायम राहतं. लायराचा पॅन पहिल्या प्रसंगात पतंग असतो, अंधारात दिसू नये म्हणून. वहीत तीन रकाने करा: माणूस, त्याचा प्राणी, आणि तो प्राणी या क्षणी काय करतोय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पाचव्या प्रकरणात मिसेस कोल्टर एका साध्या पिशवीवरून लायराशी बोलते तेव्हा तिच्या शब्दांइतकंच तिच्या सोनेरी माकडाकडे लक्ष द्या. बाईंचा आवाज चढत नाही, पण माकडाने पॅनला धरलेलं असतं. ती बाई कोण आहे हे मला तिथे समजलं, आणि त्यासाठी अवघड इंग्रजी लागलं नाही. एक खलाशी लायराला सांगतो, की ज्याचा डीमन डॉल्फिन होऊन राहिला तो माणूस कधीच किनाऱ्यावर उतरू शकत नाही. डीमनपासून फार लांब जाता येत नाही, हा नियम इथे मनावर ठसवून घ्या. पुढची सगळी भीती त्यावर उभी आहे. (माझी रूममेट म्हणते तिचा डीमन मुंगूस असेल. मला पटतं.)

आता लायराबद्दल. गुणी, शहाणी नायिका शोधाल तर हाती काही लागणार नाही. ती मळकी आहे, भांडखोर आहे आणि अट्टल थापाडी आहे. पेन्सिल घ्या आणि ती थाप मारेल तिथे समासात खूण करा. सुरुवातीच्या थापा मजेसाठी, बढाईसाठी असतात. नंतर त्या जीव वाचवण्यासाठी येतात. हा बदल खुणांवरून आपोआप दिसायला लागतो.

बारावं आणि तेरावं प्रकरण सावकाश वाचा, शक्य असेल तर मोठ्याने. बाराव्यात रात्रीच्या बर्फातून ती एका मासळीच्या कोठारापर्यंत जाते. आत जे आहे ते बघून तिला मळमळतं, पळून जावंसं वाटतं. ती पळत नाही. एवढंच घडतं, आणि माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात धाडसाचा प्रसंग हाच आहे, नंतरच्या लढायांपेक्षाही. तेराव्यात ती काठी घेऊन योरेक या चिलखती अस्वलावर लुटुपुटूचे वार करते. खरा वार तो अडवतो, हुलकावणी दिली तर हलतही नाही. अस्वलाला फसवता येत नाही, असं तो तिला समजावतो. या पानावर कागदाची खूण ठेवा. पुढे स्वालबार्डला लायरा एका अस्वल-राजासमोर एकटी उभी राहते, आणि त्या राजाला माणूस व्हायचं असतं. तिथे पोचलात की खुणेचं पान परत उघडून वाचा. ती काय करते ते मी सांगणार नाही.

ॲलिथिऑमीटर म्हणजे लायराजवळचं, प्रश्नांची खरी उत्तरं देणारं यंत्र. त्याची चित्रं पाठ करत बसू नका. ३६ चित्रं, हाताने फिरवायचे तीन काटे, आपोआप फिरणारा चौथा, एवढं लक्षात असलं की भागतं.

कादंबरीचे तीन भाग आणि २३ प्रकरणं आहेत. परीक्षेच्या दिवसांतही रोज एक प्रकरण जमतं, मात्र एकोणिसाव्यापासून पुढचं सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा, कारण मध्ये थांबवणार नाही. आणि या मालिकेतली दुसरी कादंबरी, ‘द सटल नाइफ’, आधीच आणून ठेवा. ती विल नावाच्या मुलापासून, आपल्या जगातल्या विंचेस्टर शहरात सुरू होते. लायरा दिसत नाही म्हणून पानं उलटत पुढे पळू नका, ती पहिल्याच प्रकरणात येते.